पैसा कुठल्या हेडमधून?

सरकारला यंत्र विकायला निघालेला नवखा माणूस लगेच ओळखू येतो. खुर्चीत बसला की तो आधी बॅग उघडतो. मुरलेला माणूस बॅगेला हात लावत नाही. चहा येईपर्यंत तो समोरच्या टेबलावरच्या फायलींची नावं उलट्या बाजूनं वाचून घेतो आणि मग सहज विचारतो, "सार, यंदा पैसा कुठल्या हेडमधून आहे?"

वजनकाटे, बीपीची यंत्रं, ग्लुकोमीटर, हिमोग्लोबिन मोजायची हातातली उपकरणं हा माझा माल. विदर्भ-मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदा हा मूळ इलाखा. पैनगंगा ओलांडली की राज्य बदलतं, मराठी मात्र बदलत नाही, म्हणून आदिलाबादचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. गुडिहत्नूरला नागपूर-हैदराबाद महामार्ग सोडायचा, इंद्रवेल्ली आणि उटनूर मागे टाकायचं, की पुढे नार्नूर. बाजारात गोंडी, बंजारा, मराठी आणि तेलुगू एकाच दुकानासमोर ऐकू येतात. फाईल मात्र इंग्रजीत. आपल्याकडे गटविकास अधिकारी असतो तिथे इकडे एमपीडीओ, तालुक्याच्या जागी मंडल, अंगणवाडी सेविकेला 'टीचर' म्हणायचं आणि मदतनिसाला 'आया'. एवढं अंगवळणी पडलं की बाकी सरकार नदीच्या दोन्ही काठांना सारखंच.

नार्नूरचं नाव आमच्या धंद्यात आलं ते नीती आयोगामुळे. जानेवारी 2023 मध्ये केंद्रानं आकांक्षित तालुक्यांचा कार्यक्रम सुरू केला. देशभरातल्या 329 जिल्ह्यांमधले 500 ब्लॉक निवडले, त्यात हे मंडल होतं. आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती, पाणी अशा विषयांचे निर्देशक ठरले. जुलै ते सप्टेंबर 2024 या तीन महिन्यांत 'संपूर्णता अभियान' झालं आणि त्यासाठी सहाच निर्देशक बाजूला काढले: गरोदरपणाची पहिल्या तिमाहीत नोंदणी, गरोदर बायांना पूरक आहार, मधुमेहाची तपासणी, रक्तदाबाची तपासणी, मृदा आरोग्य पत्रिका आणि बचत गटांना फिरता निधी. सहांतले दोन थेट माझ्या बॅगेतले! अशी यादी हाती लागली की देशभरातल्या विक्रेत्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. जो तो गाडी काढतो.

त्यातले बरेचजण हात हलवत परत जातात, कारण या कार्यक्रमाला स्वतःची अशी तिजोरी नाही. वेगवेगळ्या खात्यांच्या योजनांतून जो पैसा तसाही येणार आहे, तो तिथे वेळेवर आणि एकमेकांना धरून खर्च व्हावा, अशी त्याची रचना आहे. मंडलात चिंतन शिबिर होतं, विकास आराखडा बनतो, आकडे पोर्टलवर चढतात, क्रमवारी लागते. क्रमवारीत वर चढायची निकड खरी असते, पण धनादेश दुसऱ्याच कुणाच्या टेबलावरून निघतो. आरोग्याचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, त्यातला 60 टक्के केंद्राचा, 40 टक्के राज्याचा. अंगणवाडीचा काटा महिला-बालविकासकडून. आदिवासी वस्तीसाठीचं काही उटनूरच्या आयटीडीएतून, म्हणजे एकात्मिक आदिवासी विकास संस्थेतून. राज्याची औषधं आणि उपकरणांची मोठी खरेदी तर हैदराबादला महामंडळात होते. म्हणजे वस्तू वापरणार एक, मागणार दुसरा, मंजूर करणार तिसरा आणि पैसे देणार चौथा. चौघं एका खोलीत बसलेले मला तरी क्वचितच दिसले.

अपवाद एक. पुष्य अमावस्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला मेस्राम गोंडांची नागोबाची जत्रा भरते आणि तिथे दरबार असतो. निजामाविरुद्ध लढणारा गोंड नेता कुमराम भीम 1940 मध्ये जोडेघाटला मारला गेला, त्यानंतर निजामानं मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवलं. त्यांच्याच काळात हा दरबार सुरू झाला. लोकांनी गाऱ्हाणी मांडायची, अधिकाऱ्यांनी ऐकायची. आजही जिल्ह्याची खाती तिथे हजर असतात. दरबार काही आमच्यासाठी नाही, पण आमच्यातले काही चतुर लोक भेटीगाठी उरकायला तो दिवस साधतात. मला ते बरं दिसत नाही.

ग्रामपंचायतीचा पैसा 2021 ते 2026 या काळात पंधराव्या वित्त आयोगाचा. त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, उरलेला 40 टक्के मोकळा. मोकळ्या भागावर सगळ्यांचा डोळा: सौर दिवेवाले, सीसीटीव्हीवाले, पाण्याच्या टाकीला सेन्सर लावणारे. पण या आयोगाची अट अशी की पंचायतीत निवडून आलेली मंडळी हवीत. तेलंगणात सरपंचांची मुदत फेब्रुवारी 2024 मध्ये संपली आणि निवडणुका झाल्या थेट डिसेंबर 2025 मध्ये. मधल्या काळात कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे आणि हे अनुदान अडकलेलं. त्या दिवसांत पंचायतीला सेन्सर विकायला निघालेल्यांकडे माल चोख होता, किंमत वाजवी होती, फक्त समोर खर्च करायला पैसा नव्हता.

आता वस्तूकडे येतो. एका गुड्यातल्या, म्हणजे आदिवासी पाड्यातल्या, उपकेंद्रात, तेलंगणात ज्याला पल्ले दवाखाना म्हणतात तिथे, मी ग्लुकोमीटर दाखवत होतो. सिस्टरनं ते हातात घेतलं, पण पडद्याकडे पाहिलंच नाही. उलटं करून सेलचं झाकण नखानं उघडलं. साधा पेन्सिल सेल की बटणासारखा, एवढंच तिला बघायचं होतं. मग कपाटातून प्लॅस्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत निरनिराळ्या कंपन्यांची जुनी ग्लुकोमीटरं, एकाची पट्टी दुसऱ्याला न चालणारी. काही तर अजून पिशवीतून बाहेरही आलेली नव्हती.

"यंत्र सगळेच देऊन जातात सार. पट्ट्या कोण देतं?"

मी म्हणालो, "सिस्टर, पहिल्या शंभर पट्ट्या सोबत आहेत."

"माझ्याकडं तीस वर्षांवरची माणसं किती आहेत, ठाऊक आहे का?" तिनं रजिस्टर पुढे सरकवलं. असंसर्गजन्य आजारांची तपासणी तिशीपुढच्या प्रत्येकाची करायची असते. आशा घरोघर जाऊन प्रश्नावली भरते, मग बोट टोचायचं काम सिस्टरचं. शंभर पट्ट्या तिच्या हिशेबानं एका मोठ्या गुड्यालाही पुरत नव्हत्या. शिवाय डबी एकदा उघडली की काही महिन्यांत संपवावी लागते आणि मेमधली इथली उष्णता पट्ट्यांना मानवत नाही. डबीवरच्या तापमानाच्या बारीक अक्षरांवर तिनं पेनानं वर्तुळ काढलं आणि ती मला परत दिली.

धंद्याचं खरं गणित इथेच आहे. यंत्र मी जवळपास खरेदीच्या भावात देतो, कमाई पट्ट्यांवर. खरेदी करणारा फक्त यंत्राच्या किमतीची तुलना करत बसला तर सगळ्यात स्वस्त यंत्रवाला एल-वन, म्हणजे नीचांकी दराचा विजेता, ठरतो, आणि पुढची तीन वर्षं पट्ट्यांमध्ये तो आपली सगळी सूट व्याजासकट वसूल करतो. जाणता खरेदी अधिकारी निविदेतच लिहितो: यंत्र, अमुक इतक्या पट्ट्या आणि सुया, देखभाल, आणि दर प्रत्येक तपासणीमागे. असं लिहिलं की आमच्यातल्या निम्म्यांचे चेहरे उतरतात. तरी बहुतेक ठिकाणी तसं लिहिलं जात नाही, कारण यंत्र भांडवली हेडमध्ये बसतं आणि पट्टी चालू खर्चात. दोन हेड, दोन फायली, आणि कधी कधी दोन साहेब.

केंद्राच्या पैशातली बरीच खरेदी आता जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर होते. 2016 मध्ये ते सुरू झालं. 50 हजारांपर्यंत थेट उचलता येतं, 10 लाखांपर्यंत निरनिराळ्या उत्पादकांच्या वस्तूंची तुलना करून, त्यापुढे बोली. ब्रँडचं नाव घालता येत नाही, म्हणून स्पेकमध्ये मापं घालतात. पडदा इतक्या इंचांचा, वजन इतके ग्रॅम, स्मरणात इतक्या नोंदी. अशी मापं वाचून मी कंपनीचं नाव सांगू शकतो, आणि मीच नव्हे, या धंद्यातला कुणीही सांगेल.

उलट लिलावाचा दिवस वेगळाच. पडद्यावर प्रतिस्पर्ध्यांची नावं नसतात, फक्त चालू नीचांकी दर आणि उरलेला वेळ दिसतो. शेवटच्या मिनिटांत कुणी दर खाली ओढला की मुदत आपोआप वाढते. मालक फोनवर, मी माऊसवर. "अजून पाच रुपये सोड." सोडले. समोरच्यानं सात सोडले. असं करत करत दर अशा ठिकाणी पोचतो की जिंकणाऱ्यालाही आनंद होत नाही. आणि नार्नूरसारख्या ठिकाणी पोचवायचं भाडं त्याच दरात बसवायचं असतं. आदिलाबादच्या गोदामात खोकी उतरवणं निराळं आणि कोलामगुड्याच्या अंगणवाडीत काटा मांडून, टीचरकडून एका बाळाचं वजन करवून घेऊन, सही-शिक्का आणणं निराळं. बोलीत मात्र दोन्हींना एकच शब्द: पुरवठा.

माल पोचला की आधी तात्पुरती पावती, मग तपासून स्वीकारल्याचा दाखला, ज्याला धंद्यात सगळे 'क्रॅक' म्हणतात. तो मिळाल्यावर दहा दिवसांत पैसे, असं पोर्टल सांगतं. एका कार्यालयानं, कुठलं ते जाऊ दे, माझा दाखला एका खोक्यावरचं टीएस आणि दुसऱ्यावरचं टीजी पाहून अडवला. राज्यानं 2024 मध्ये संस्थांच्या नावांतलं टीएस बदलून टीजी केलं, आणि आमची छापील खोकी दोन्ही काळांतली होती. लघुउद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे: 45 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. असं व्याज मागितलेला विक्रेता मी पाहिलेला नाही. पुढल्या वर्षी त्याच दारात जायचं असतं.

अनुदानाचा प्रस्ताव लिहिणं ही आणखी वेगळी कला. इथल्या कोलामांची नोंद विशेष दुर्बल आदिवासी गटांत आहे, म्हणून नोव्हेंबर 2023 पासूनचं पीएम-जनमन त्यांना लागू होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये आदिवासी गावांसाठीचं धरती आबा अभियान आलं. सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन जुलै 2023 चं: चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य, आणि गोंड-कोलाम भागात ते थेट लागू पडतं. असा प्रस्ताव खात्यासाठी आम्हीच खरडून देतो, हे उघड गुपित आहे. नवखा त्यात आपल्या यंत्राची स्तुती लिहितो. खरं तर वाचणाऱ्याला तीनच गोष्टी बघायच्या असतात: आज आकडा किती आहे, पैसे संपल्यावर हे कोण चालवणार, आणि मागच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र दिलंय का. तिसरं नसेल तर पहिली दोन कुणी वाचत नाही. पुढचा हप्ता अडायला एक राहिलेलं प्रमाणपत्र पुरतं. आता केंद्राच्या योजनांचा पैसा एकाच नोडल खात्यातून फिरतो, त्यामुळे कुणाकडे किती पडून आहे ते दिल्लीत दिसतं. मार्चमधली घाई तरी थांबलेली नाही. वित्तीय नियमांत शेवटच्या महिन्यांतली खर्चाची धावपळ हा शिस्तीचा भंग म्हटला आहे, आणि माझ्या वर्षातल्या सगळ्यात जास्त ऑर्डरी त्याच महिन्यांतल्या.

21 एप्रिल 2025 ला, नागरी सेवा दिनी, नार्नूरच्या कामाबद्दल जिल्हाधिकारी राजर्षी शाह यांना पंतप्रधान पुरस्कार मिळाला. या पुरस्कारासोबत 20 लाखांचा निधी असतो, त्याच कामात भर घालायला. ज्यांनी हे काम उचललं त्या आशा, टीचर आणि सिस्टर यांना त्याचं श्रेय आहेच. पण आमच्या जगात त्या दिवसापासून नार्नूर हे दाखवायचं गाव झालं. हैदराबाद, बंगळुरूच्या नवउद्योगांचे मेल येऊ लागले: फुकट पायलट करतो, फक्त 'नार्नूरमध्ये आमचं यंत्र आहे' असं एक पत्र द्या. माझं मत स्पष्ट आहे, फुकट पायलटसारखी महाग वस्तू नाही. सहा महिन्यांनी कंपनीचा मुलगा नोकरी बदलतो, अ‍ॅपचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही आणि यंत्र सिस्टरच्या त्या डब्यात जाऊन पडतं.

त्या उपकेंद्राला मी शेवटी ग्लुकोमीटर विकलं नाही. तिच्याकडच्या यंत्रांतलं चालू असलेलं एक मॉडेल बघून त्याच्या पट्ट्यांची सोय करून दिली, उपकेंद्राच्या अनटाइड फंडातून, छोट्या बिलावर. पुढचं काम जिल्ह्याला आहे. आरोग्य अभियानाचा आराखडा आता दोन-दोन वर्षांचा होतो, 2022-24, मग 2024-26. पट्ट्यांची ओळ त्यात ज्या संख्येनं जाईल तेवढेच पैसे येणार. ती संख्या सिस्टरच्या रजिस्टरवरून काढून, तिशीपुढची माणसं गुणिले तपासण्या अधिक वाया जाणाऱ्या पट्ट्या असा एका पानाचा तक्ता करून मी जिल्हा कार्यालयात दिला आहे. लेखा विभागातल्या बाबूंनी तो वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, "हे ड्रग्जमध्ये टाकू की कंझ्युमेबल्समध्ये?"