शेतसारा, बंड आणि वेठ

खानदेशातले बंड म्हटले की आपल्याला १८५७-५८ मधील खाजा नाईक आठवतो. त्याच्या पाच वर्षे आधी, १८५२ च्या अखेरीस, यावल, सावदा, फैजपूर, चोपडा, एरंडोल या पट्ट्यातला शेतकरी उठला होता, तो जमीनमोजणीवरून. विंगेटच्या पद्धतीप्रमाणे शेतन्‌शेत साखळीने मोजायचे, जमिनीची प्रत लावायची आणि तीस वर्षांचा सारा बांधून द्यायचा, असा हा बेत होता. कागदावर तो रयतेच्या हिताचाच. पण मोजणी म्हणजे सारावाढ, हीच रयतेची धास्ती. शिवाय दडलेली जमीन उघडी पडणार आणि हिशेबाच्या नाड्या वतनदारांच्या हातून सुटणार, हेही होतेच. मोजणी अधिकाऱ्यांच्या तंबूंभोवती मोठे जमाव जमले. सरकारने लष्कर आणले, भिल्ल पलटण आणली, पुढारी पकडले. उठाव मोडला, मोजणी मात्र पुढे झाली.

सारा हा राज्यकर्ता आणि रयत यांच्यातला रोजचा व्यवहार. तिथे विश्वास तुटला की राजसत्तेचा धाकही ढिला होतो, हे या उठावात दिसते. परंतु गाऱ्हाणे कोणाचे होते? ज्याच्या नावावर शेत, त्याचे. गावची शीव दाखवणारा, साहेबाचे सामान वाहणारा, वसूल झालेला सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवणारा महार या हिशेबात कुठे होता? त्याच्याकडून वेठ घेतली जात होती आणि वेठीची पावती कधी फाडली जात नाही.

अमेरिकेचेही असेच. १७६५ च्या स्टॅम्प कायद्यापासून वसाहतवाले ‘आमच्या प्रतिनिधीविना कर नाही’ म्हणत लढले आणि १७७६ साली स्वतंत्र झाले. त्यांच्यातले वॉशिंग्टन, जेफर्सन गुलामांचे मालक होते. गुलामी कायद्याने संपायला १८६५ उजाडले. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना, चहाच्या पेट्या समुद्रात फेकणाऱ्यांना नव्हे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्ती विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रयतेकडून रोख पट्टी घ्यावी, ती शेतसाऱ्याबरोबर वसूल करून महारांना द्यावी, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे वेठीचा हिशेब पहिल्यांदा साऱ्याच्या वहीत चढणार होता. विधेयकाला इतका विरोध झाला की १९२९ साली त्यांना ते मागे घ्यावे लागले.