अपघातात चूक कोणाची, हे ठरतं कसं?

‘दुचाकीवाल्याचंही काहीतरी चुकलं असणारच’ हा पहिला गैरसमज. २०१६ साली बेंगळुरूत बीएमटीसी या शहर बससेवेच्या बसशी झालेल्या अपघातात एक दुचाकीस्वार दगावला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २५ टक्के दोष त्याच्यावर टाकला, म्हणजे भरपाईतून तेवढा हिस्सा वजा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कपात रद्द केली, कारण त्याच्या निष्काळजीपणाचा ठोस पुरावाच नव्हता. मृताचा दोष जो सांगतो, त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. घरच्यांना हे वेळेवर कळत नाही आणि ते मिळेल त्या रकमेवर तडजोड करून मोकळे होतात, याचं वाईट वाटतं.

‘लायसन्स नव्हतं, ट्रिपल सीट होते, मग दावा गेलाच.’ सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नियम मोडणं वेगळं आणि अपघाताला कारण होणं वेगळं. दिल्लीत मोटारसायकलवरून तिघे जात असताना मागून कारने ठोकलं आणि एक तरुण गेला. तिघे बसले म्हणून उच्च न्यायालयाने १० टक्के कापले. सर्वोच्च न्यायालयाला २०२० मध्ये ते पटलं नाही. तिसऱ्या माणसामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवल्याशिवाय कपात करता येत नाही. तिघांमुळे तोल जाऊन गाडी घसरली असती, तर गोष्ट निराळी. लायसन्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल हेच सांगतो. ते नसल्याचा दंड होईल, पण तेवढ्यावरून अपघाताचा दोष येत नाही.

‘मागून धडकला तोच दोषी.’ बऱ्याचदा खरं, कारण अंतर राखणं मागच्याचं काम. पण कोइमतूरजवळ २०१७ मध्ये महामार्गावर एक कार अचानक थांबली, मागून दुचाकीवर येणारा विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. पत्नीला उलटीसारखं होत होतं, हे कारचालकाचं कारण सर्वोच्च न्यायालयाला पुरेसं वाटलं नाही. भर महामार्गावर इशारा न देता थांबायचंच नव्हतं. २०२५ च्या निकालात कारवर ५० टक्के, बसवर ३० आणि विद्यार्थ्यावर २० टक्के दोष आला.

फौजदारी खटल्यातून चालक सुटला, तरी भरपाईचा दावा बुडत नाही. तिथे निःसंशय पुरावा लागतो. भरपाईच्या दाव्यात मात्र कोणती बाजू अधिक संभवनीय, एवढंच पाहतात. म्हणून घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा आणि जवळच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं जाण्याआधी मिळवा.