उन्हाची वीज आणि गायरानाची जमीन

धाराशिव जिल्ह्यातील माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आता सौरऊर्जेचे प्रकल्पही येत आहेत. तुळजापूर परिसरातील पारधी बांधवांसाठी याचा अर्थ काय, हे आपण समजून घेऊ या.

आधी लाभ पाहू. कोळशापासून एक युनिट वीज तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाणीही पुष्कळ लागते. सोलापूरजवळच्या फताटेवाडीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उजनीच्या पाण्यावर चालते. सौर पटलांना फक्त धुण्यापुरते पाणी लागते. शिवाय शेतीला दिवसा वीज मिळाली, तर रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी देणे टळते. राज्याच्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’चा हाच उद्देश आहे.

पण उन्हाची वीज जागा मागते. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. योजनेचे उद्दिष्ट १६,००० मेगावॉटचे आहे. म्हणजे ६४ ते ८० हजार एकर. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. पडीक जमिनीच्या मालकाला हे वरदानच आहे. मात्र भाडे सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळते.

योजनेसाठी सरकारी जमिनी, गायरानेही दिली जातात. कागदावर गायरान मोकळे असते. प्रत्यक्षात तेथे कोणाच्या शेळ्या चरतात, तर कोणी भूमिहीन कुटुंब वर्षानुवर्षे ज्वारी-तूर पिकवते. १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींमध्ये पारधीही होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी अनेकांच्या नावावर आजही जमीन नाही. गायरान गेले, तर त्यांना भाडे नाही आणि भरपाईचा दावाही दुबळा. प्रकल्पात नंतर काम मिळते ते राखणदारी, गवत कापणे, पटले धुणे एवढेच, तेही मोजक्यांना.

मग सौरऊर्जेला विरोध करायचा का? नाही. दुष्काळाचा पहिला फटका याच कुटुंबांना बसतो, त्यामुळे हवामान बिघडू नये ही त्यांचीही गरज आहे. मात्र सर्वांच्या लाभाची किंमत सर्वांत गरिबाने एकट्याने मोजू नये.

यासाठी कागद महत्त्वाचे आहेत. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. तिच्यातील नोंद, जुन्या दंडाच्या पावत्या आणि पंचनामे हे कसणाऱ्याचे पुरावे ठरतात. प्रकल्पाचा विषय ग्रामसभेत येण्याआधी हे कागद हाती हवेत.

आपल्यापैकी अनेकांना तलाठी कार्यालयातील अर्ज लिहिता येतो, नकला मागता येतात. वस्तीवरच्या एका कुटुंबासोबत एक दिवस तेथे जाणे, हीही सेवाच आहे. ग्रामसभेतही आपण एक प्रश्न विचारू या: ही जागा आज कोण कसते, आणि त्याची सोय कुठे केली?