फळांच्या चोथ्यातून मुरघास

मुरघास म्हणजे हवाबंद जागी आंबवून टिकवलेला ओला चारा. दाणा चिकात असताना मका कापतात, बारीक कुट्टी करतात आणि खड्ड्यात किंवा पिशवीत तुडवून भरतात. आतली हवा संपली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू चाऱ्यातली साखर आंबवतात. सामू 4 च्या आसपास उतरतो आणि कुजवणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते. म्हणजे सगळी मदार साखर, ओलावा आणि दाबावर.

बीड जिल्ह्यात पाऊस दगा देतो तेव्हा हिरवा मका मिळत नाही. उरतो तो ज्वारीचा कडबा. 2019 च्या दुष्काळात तर इथे शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. कडबा एकटा मुरत नाही, कारण त्यात ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणि साखर अगदी थोडी. ही उणीव मोसंबीचा चोथा भरून काढतो. गेवराईकडे मोसंबीच्या बागा आहेत. रस काढल्यावर उरलेल्या साली-चोथ्यात 80 ते 85 टक्के पाणी, शिवाय साखर आणि सहज पचणारे पेक्टिन असते. फ्लोरिडा आणि ब्राझीलमध्ये असा चोथा जनावरांना पूर्वीपासून घालतात.

नुसता चोथा भरला तर रस तळाशी झिरपतो आणि साखरही वाहून जाते. तीन किलो चोथ्यात एक किलो कडब्याची कुट्टी मिसळली की ओलावा 65 टक्क्यांच्या जवळ येतो. मूठभर मिश्रण आवळून पाहावे: पाणी गळले तर कुट्टी वाढवावी, मूठ उघडताच गोळा फुटला तर चोथा वाढवावा, गोळा हळूहळू सुटला तर ओलावा योग्य. चोथा ताजाच घ्यावा. एक-दोन दिवस पडून राहिला की त्यावर बुरशी धरते. थर दाबून भरावेत, प्लॅस्टिकने झाकावे आणि किमान 45 दिवस उघडू नये.

केसर आंब्याच्या सालीही अशाच वापरता येतात, मात्र कोयी वेगळ्या काढाव्यात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी त्याचा गर काढून उरलेला कचरा मुरघासात घालू नये. सीताफळाच्या बिया विषारी असतात आणि कचऱ्यातून प्रत्येक बी वेचणे शक्य नसते.

हा मुरघास जनावराला थोड्या प्रमाणात सुरू करून आठवडाभरात वाढवावा. त्यात प्रथिने कमी असल्याने पेंड किंवा लसूणघास जोडीला हवाच. काळा पडलेला, बुरशीचा किंवा घाण वासाचा मुरघास दावणीत टाकू नये. एवढी काळजी घेतली, तर उकिरड्यावर जाणारा चोथा टंचाईत कडब्याला मोठा आधार देतो.