मोतीबिंदू कुंडाच्या पाण्याने जात नाही

वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम कुंडांत आंघोळ केली की खाज जाते, सांधे मोकळे होतात, असे आपली वडीलधारी माणसे सांगतात. काही जण ते पाणी डोळ्यांनाही लावतात. आम्ही स्पष्ट सांगतो, मोतीबिंदू डोळ्याच्या वर नसतो, आत असतो. पाणी, मध, कांद्याचा रस किंवा थेंब यांपैकी कशानेही तो विरघळत नाही.

डोळ्यात बाहुलीच्या मागे पारदर्शक भिंग असते. वयानुसार ते दुधाळ होते, उजेड आत नीट पोचत नाही. हाच मोतीबिंदू. मधुमेह, विडी-सिगारेट, डोळ्याला लागलेला मार आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली स्टिरॉईडची औषधे यांमुळे तो लवकर येतो.

सगळे धुरकट दिसते, रंग फिके वाटतात, रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकल्यासारखा दिसतो, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. दुखत मात्र नाही. म्हणून घरातली आजी "म्हातारपणच ते" म्हणत गप्प बसते.

"पिकू द्या, मग काढू" हा जुना सल्ला आता सोडावा. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते.

शस्त्रक्रियेत डोळा बाहेर काढत नाहीत. थेंब किंवा इंजेक्शनने डोळा बधिर करतात, बारीक छेदातून गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. साधारण अर्ध्या तासाचे काम. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी अशा लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आधी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

नंतर डॉक्टर सांगतील तितके आठवडे थेंब घाला. डोळा चोळू नका, चुलीच्या धुरापासून जपा. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. कुंडात तर उतरूच नका. डोळा दुखला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

काचबिंदू हा वेगळा आजार आहे. त्यात गेलेली नजर परत येत नाही. म्हणून घरच्या घरी निदान करू नका.

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा ज्येष्ठांना एकेक डोळा झाकून समोरची पाटी वाचायला सांगा. ज्यांना दिसत नाही त्यांची नावे लिहून घ्या आणि सोबत कोण जाणार, तेही तिथेच ठरवा. लेकाचा एक दिवसाचा रोज बुडेल. पण आई पुन्हा स्वतःच्या पायांनी, कोणाचा हात न धरता, नळावर जाईल.