‘क्लिक झालं नाही’ म्हणजे नेमकं काय झालं नाही?

सातारा-सांगली भागात स्थळ नाकारायची कारणं बदलली आहेत. पूर्वी ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून विषय मिटवायचे. आता पत्रिका जुळते, पगार जुळतो, बायोडाटावरचा फोटोही आवडतो आणि तरी निरोप येतो, ‘काकी, माणसं चांगली आहेत हो, पण क्लिक नाही झालं.’ मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आणि स्थळ आणणाऱ्या मामी हवालदिल. वर सगळ्यांचा ठाम विश्वास, की ज्याच्याशी जमायचं त्याच्याशी पहिल्या भेटीतच ‘ते’ जाणवतं. नाही जाणवलं तर पुढे कधीच जाणवणार नाही. हे इतक्यांदा कानावर आलंय, की आता नुसती मान डोलावून गप्प बसवत नाही.

आधी ती भेट कशी असते ते बघा. बैठकीत दोन्हीकडची मिळून दहा-बारा माणसं. पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर, बशीत कंदी पेढा, सांगलीकडे असाल तर भडंगही. काकांचे प्रश्न ठरलेले : मूळ गाव कुठलं, शेती किती, बागायत की जिरायत. मग कुणीतरी उदार होऊन म्हणतं, ‘त्या दोघांना बोलू दे की जरा गच्चीवर.’ गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, पाण्याची टाकी आणि जिन्यात कान टवकारून उभी धाकटी बहीण. ‘हॉबीज काय तुमच्या?’ ‘वाचन. तुमच्या?’ ‘ट्रेकिंग.’ पंधरा मिनिटांत खालून हाक येते. एवढ्यावर म्हणे केमिस्ट्री कळते!

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली हे पाहताक्षणीचं प्रेम तपासलं. जवळपास 400 जणांना अनोळखी व्यक्तींबद्दल पहिल्या भेटीत काय वाटलं ते विचारलं. 32 जण म्हणाले, हो, बघताक्षणीच. पण प्रेम मोजायच्या कसोट्या लावल्यावर जवळीक, बांधिलकी, इतकंच काय, उत्कटताही त्यात फारशी भरली नाही. भरलं ते एकच : समोरचा माणूस दिसायला फार आवडला होता. आणि दोघांनाही एकमेकांबद्दल तसं वाटलं, अशी एकही जोडी सापडली नाही. ‘आम्हा दोघांना तिथंच कळलं होतं’ म्हणणारी जोडपी खोटं बोलतात असं नव्हे. नंतर जडलेलं प्रेम पहिल्या भेटीच्या आठवणीला रंग चढवतं, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

‘पण छातीत धडधडलं त्याचं काय?’ धडधडण्याची कारणं बरीच असतात. कॅनडातल्या कॅपिलानो नदीवर 230 फूट उंचीवर एक झुलता पूल आहे. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक तरुणी या पुलावर पुरुषांना थांबवून प्रश्नावली भरून घेई आणि स्वतःचा फोन नंबर देई. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या 18 पैकी 9 जणांनी नंतर फोन केला. जवळच्याच बुटक्या, भक्कम पुलावर 16 पैकी दोघांनी. भीतीनं वाढलेले ठोके त्या मुलीच्या खात्यावर जमा झाले होते. आकडे लहान आहेत, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण उत्तेजना एका कारणाची आणि श्रेय दुसऱ्याला, हा घोळ माणसं करतात एवढं यातून दिसतं. सांगलीचा आयर्विन पूल या कामी निरुपयोगी, 1929 पासून हललेला नाही. मात्र कृष्णा 45 फुटांची धोका पातळी ओलांडत असते आणि निम्मं गाव पाणी बघायला जमतं, तेव्हा कुणी आवडलंच तर पूर ओसरल्यावर पुन्हा एकदा भेटून घ्यावं. गच्चीवर उलटं होतं. दहा-बारा नातेवाईक खाली निकालाची वाट बघत असताना आलेला ताणही समोरच्याच्याच नावावर मांडला जातो.

यापेक्षा भारी पुरावा 2017 सालचाच आहे. समंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी चार-चार मिनिटांच्या भेटींआधी तरुण-तरुणींची शंभरावर स्वभाववैशिष्ट्यं आणि आवडीनिवडी नोंदवल्या आणि संगणकाला अंदाज बांधायला लावला. कोण सगळ्यांनाच आवडतं आणि कुणाला सगळेच आवडतात, हे त्याला काही प्रमाणात जमलं. अमक्याला अमकीच विशेष का आवडेल, यात भोपळा. म्हणजे बायोडाटावरून केमिस्ट्री ओळखणारी मामी आणि ‘आमच्यात काहीतरी खास होतं’ म्हणणारा भाचा, दोघांचाही दावा कच्चा.

झुलत्या पुलाच्या प्रयोगातल्या त्याच ॲरन यांनी 1997 मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांना जोडीनं बसवून हलक्याफुलक्यापासून खोलवर जाणारे प्रश्न एकमेकांना विचारायला लावले. पाऊण तासात त्यांची जवळीक साध्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे वाढली. प्रश्न किती? योगायोगानं पत्रिकेतल्या गुणांइतकेच, 36. जवळीक काही अंशी बोलण्यातून घडवता येते, ती आकाशातून पडायची वाट बघावी लागत नाही. त्यासाठी ‘हॉबीज काय’च्या पुढे मात्र जावं लागतं.

हे वाचून मावश्या-आत्यांनी लगेच खूश होऊ नये. ‘लग्नानंतर आपोआप प्रेम होतं’ हाही गैरसमजच. त्याला पुरावा म्हणून जयपूरचा 1982 चा अभ्यास पुढे केला जातो : ठरवून केलेल्या लग्नांत पाच वर्षांनंतर प्रेमविवाहांपेक्षा जास्त प्रेम आढळलं. जोडपी होती अवघी 50. अमेरिकेतल्या भारतीयांवर 2012 साली झालेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या लग्नांत फरकच दिसला नाही. आणि ‘काही जाणवलं नाही’ वेगळं, ‘हा माणूस नकोसा वाटतो’ वेगळं. तो वेटरशी उर्मट बोलला, नोकरी सोडशील ना म्हणाला आणि पोरीच्या पोटात गोळा आला, तर तिनं तिथंच नाही म्हणावं. त्याला कुठल्या संशोधनाची गरज नाही.

बाकीचे गैरसमज भराभर. फेरोमोनवालं, म्हणजे वासानं आकर्षण जागवतं म्हणून विकलं जाणारं अत्तर : माणसातलं एकही फेरोमोन अजून सिद्ध झालेलं नाही, ऑक्सफर्डच्या ट्रिस्ट्रम वायट यांनी 2015 मध्ये सगळे दावे तपासून हेच लिहिलं, पैसे वाचवा. ‘पहिल्या भेटीत डोपामीन उसळतं’ म्हणणारी रील्स : हेलन फिशर यांच्या गटानं 2005 साली ज्या 17 जणांचे मेंदू तपासले ते आधीच काही महिने प्रेमात बुडालेले होते, पोह्यांच्या कार्यक्रमाला आलेले नव्हते. विरुद्ध स्वभाव एकमेकांना ओढतात : सिनेमात. प्रत्यक्षात साम्य असलेलीच माणसं जास्त जवळ येतात. आणि पत्रिका : जयंत नारळीकरांच्या चाचणीत ज्योतिष्यांना पत्रिकेवरून हुशार आणि मतिमंद मुलं वेगळी काढता आली नाहीत, उत्तरं सरासरी 46 टक्के बरोबर, नाणं उडवण्याहून कमी. त्यांना नाडी-गणावरून तुमचं जमणं कुठून कळणार?

एक गैरसमज मात्र असा ओळीत उरकता येत नाही. ‘मला जाणवलं म्हणजे तिलाही जाणवलंच असणार.’ अँटोनिया ॲबी यांच्या 1982 च्या प्रयोगात एकच संभाषण बघणाऱ्या पुरुषांना मुलीच्या साध्या मोकळेपणात आकर्षण दिसलं, बायकांना ते तितकं दिसलं नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘ती हसली रे माझ्याकडे बघून’ इथून हीच गोष्ट सुरू होते, मग स्टँडपर्यंत मागे जाणं, मग नंबर मिळवणं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं ‘जोडीदाराची विवेकी निवड’ हे अभियान आकर्षण आणि प्रेम यांतला फरक तरुणांसमोर मांडतं. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली ही संघटना. तिचं हे काम सातारा-सांगलीतल्या प्रत्येक कॉलेजात पोचायला हवं, तेही पहिल्या वर्षालाच. कारण मुलीनं स्पष्ट नको म्हटल्यावरही मागे जाणं, पुन्हा पुन्हा मेसेज करणं, इन्स्टावर पाळत ठेवणं हा 2013 पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये येतो. शिक्षा पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच.