डीपीएफ चोंदला? आधी हे पाहा

काय असतं: डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. एक्झॉस्टमधली सिरॅमिकची जाळी, धुरातली काजळी अडवणारी. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांच्या डिझेल गाड्यांत असतो.

का चोंदतो: फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळून जायला सुमारे 600 अंश सेल्सिअस उष्णता लागते. बदलापूर गाव ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या मारणारी गाडी तेवढी तापतच नाही.

खुणा: डॅशबोर्डवर ठिपकेवाला दिवा, पिकअप कमी, गाडी बंद केल्यावरही फिरणारा पंखा. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं, डिझेलचा वास आला, तर ऑइलमध्ये डिझेल मिसळलंय, ऑइल बदला.

उपाय:
- नुसता दिवा असेल तर काटई किंवा कर्जत रस्त्यावर (पहाटे, एरवी ट्रॅफिकमुळे नावच नको) साधारण 20 मिनिटं एकसारख्या वेगात, 2000 आरपीएमच्या वर गाडी चालवा.
- चेक इंजिनही पेटलं तर स्कॅनर लावा. आधी प्रेशर सेन्सर आणि त्याच्या रबरी नळ्या, मग इंजेक्टर, ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू इंजिनात परत पाठवणारी यंत्रणा) तपासा. फोर्स्ड रिजनरेशन (स्कॅनरने आदेश देऊन काजळी जाळणं) त्यानंतर.

काजळी वेगळी, राख वेगळी: इंजिन ऑइलची राख जळत नाही, फिल्टर उतरवूनच साफ होते. म्हणून कंपनीने सांगितलेलं लो-अ‍ॅश ऑइलच वापरा.

फिल्टर कापून काढणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बेकायदा आहे.